आठ पोती तांदूळ, आणि आत्यांचं इन्सुलिन?

ताई,

आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. २०१९ च्या महापुरात पाणी उंबऱ्याच्या आत आलं. आम्ही आठ दिवस निपाणीत पाहुण्यांकडे काढले. पुढच्या वर्षी लॉकडाऊन झालं. २०२१ ला पाणी अंगणात येऊन मागं गेलं, पण रस्ता बंदच होता. तेव्हापासून आमच्या ह्यांनी सामान भरून ठेवायचा ध्यास घेतलाय. यंदा २५ किलोची आठ पोती तांदूळ, १५ किलोचे चार तेलाचे डबे, दोन जादा भरलेली सिलिंडरं आणि जिन्याखाली कॅनमध्ये पेट्रोल. मागच्या वर्षीच्या तांदळाला पोरकिडे लागले, दोन पोती म्हशींपुढं घातली. आत्या (माझ्या सासूबाई) म्हणतात, दुकानातनं गोळ्या आणून पोत्यात टाक. मागच्या पावसाळ्यात चार दिवस लाईट नव्हती तेव्हा आत्यांचं फ्रिजमधलं इन्सुलिन वाया गेलं, त्याची मात्र कुणाला काळजी नाही. घरात आम्ही सहा माणसं, त्यात दोन मुलं. दावणीला दोन म्हशी. मी काही बोलले की, ‘ते दिवस विसरलीस काय?’ म्हणून भांडण होतं. साठा करावा की करू नये? आणि करायचा तर किती?

— एक सून, निपाणी तालुका

*

तुमच्या प्रश्नाकडे येण्याआधी दोन गोष्टी सांगते. त्या आजच्या आज करा, बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

जिन्याखालचं पेट्रोल घराबाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून सरपटत जाते आणि दाराखालच्या फटीतून स्वयंपाकघरात पोचते. शेगडी पेटवायचा अवकाश! शिवाय जिना म्हणजे घरातल्या माणसांची बाहेर पडायची वाट. तिथंच आग लागली तर वरच्या माणसांनी उतरायचं कुठून? ते पेट्रोल मोटारसायकलच्या टाकीत घाला, उरलं तर भावकीत ज्याची गाडी असेल त्याला द्या. पावसाळाभर गाडीची टाकी भरलेली ठेवायची, एवढाच पेट्रोलचा साठा घरगुती माणसानं करावा.

दुसरी गोष्ट त्या गोळ्यांची. आत्यांना माझा नमस्कार सांगा आणि हात जोडून विनंती करा, की घरात त्या आणायच्या नाहीत. पोत्यात टाकायच्या म्हणून ज्या गोळ्या लोक आणतात त्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. किडे मरतात ते त्या वायूनं, आणि त्याच वायूनं शेजारच्या खोलीत झोपलेलं माणूसही मरतं. त्यावर उतारा नाही. डॉक्टरांच्या हातात फक्त रोग्याला सांभाळणं उरतं. गोदामात ताडपत्री घालून, माणसं दूर ठेवून, जाणकाराच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू आहे. आपल्याकडं आषाढात भिंतींना ओल येते, मीठ पाझरतं. अशा हवेत, दारं-खिडक्या लावून झोपलेल्या घरात ती गोळी म्हणजे उशाशी ठेवलेलं विषच. धान्याला किडे लागू नयेत एवढंच आत्यांना हवंय, आणि त्याला त्यांच्याच आई-आजीचे उपाय पुरतात. ते पुढं सांगते.

आता तुमचा प्रश्न. साठा करावा, आणि तुमच्यासारख्या काठाच्या घरानं तर करावाच. तुमच्या मालकांची भीती पोकळ नाही. जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, कारदगा-भोज हे बंधारे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, हे तुमच्याकडच्या पोराटोरांना ठाऊक आहे. यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी आलं की पुणे-बेंगळुरू महामार्गही बंद होतो. २०१९ ला झाला, २०२१ ला पुन्हा झाला. म्हणजे रस्ता बंद होणं ही तुमच्याकडं क्वचितची गोष्ट नाही, पंचांगात धरून चालायची गोष्ट आहे.

पंचांग म्हटलं ते उगाच नाही. आपली जुनी माणसं पावसाला नावं ठेवायची. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मग आश्लेषा. आता आठवा. २००५ चा पूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला. २०२१ चा २२ जुलैपासून पुढं. दोन्ही म्हाताऱ्या पावसातले. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, तो आश्लेषांतला. तिन्ही मोठे पूर २० जुलै ते १५ ऑगस्टच्या आतले. म्हणून मी म्हणते, तुमचा साठा वर्षभर सारखा फुगलेला असायचं कारण नाही. चैत्र-वैशाखात भरायला सुरुवात करा, तरण्या पावसाच्या आत पुरा करा, आणि गणपती बसले की त्यातलंच खायला काढा. दसऱ्यापर्यंत तो ओसरला पाहिजे. मागच्या वर्षीच्या तांदळाला पोरकिडे का लागले? कारण तो पुरासाठी आणला होता, खाण्यासाठी नव्हता. पूर आला नाही आणि पोती तशीच थप्पीत राहिली. ज्याला रोज हात लागतो ते धान्य किडत नाही.

आता किती, ते. पोत्यांत मोजू नका, दिवसांत मोजा. सहा माणसांना, त्यातली दोन मुलं धरून, रोजचं तांदूळ-पीठ मिळून सव्वादोन किलो पुरतं. तुमच्याकडं २०० किलो तांदूळ आहे. दोन्ही वेळ नुसता भातच खाल्लात तरी जवळजवळ तीन महिने पुरेल, आणि तुमच्या घरात एक वेळ भाकरी असणार, म्हणजे सहा महिने. तेलाचं तसंच. महिन्याला पाच किलो तेल धरलं तर चार डबे म्हणजे वर्षाची बेगमी. तोवर शेवटचा डबा फोडाल तेव्हा तेल खवट झालेलं असायची भीती. आता २०१९ आठवा. तुम्ही घराबाहेर किती दिवस होतात? आठ. महामार्गही आठवडाभराच्या आसपास बंद होता. पाणी उतरल्यावर दुकानं सुरळीत व्हायला आणखी आठवडा धरा. पंधरा दिवस झाले. पंधरा दिवसांना ३४ किलो धान्य पुरतं, म्हणजे दीड पोतं. त्याबरोबर सात किलो डाळी, चार-पाच किलो तेल, दोन किलो मीठ, गूळ-साखर मिळून पाच किलो. शेतातला वर्षाचा जोंधळा घरात असेल तर तो वेगळा धरा. ते तुमचं पीक आहे, त्याचा हिशेब निराळा.

पण धान्याच्याही आधी मोजायची एक गोष्ट आहे. घरात असं कोण आहे, की ज्याला दुकान एक दिवस बंद राहिलेलं सोसत नाही? मोजायला तिथून सुरुवात करायची. तांदूळ आठ दिवस मिळाला नाही तर माणूस कण्या खाईल, हुलग्याचं माडगं पिईल, शेजारणीकडून अर्धा शेर उसनं आणील. आत्यांना इन्सुलिन उसनं कोण देणार? तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं, माझ्या मनातून ती ओळ जाईना.

त्याची व्यवस्था अशी करा. आत्यांच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा आणि पावसाळ्यापुरतं महिनाभराचं औषध जादा लिहून घ्या. सुया आणि साखर तपासायच्या पट्ट्या त्यातच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ठेवायचं, बर्फाच्या खणात कधीच नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन कामातून गेलं. उघडलेली बाटली मात्र बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत चारेक आठवडे टिकते. तुमच्या बाटलीबरोबरचं पत्रक वाचा, त्यात नेमकं दिलेलं असतं. लाईट गेली तर दोन मडकी घ्या, एक मोठं, एक लहान. मधल्या जागेत ओली वाळू भरा, आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात बाटली ठेवा, वर ओलं फडकं. वाळू दिवसातून दोनदा ओली करत राहा. फ्रिजइतका थंडावा मिळत नाही, दमट हवेत तर आणखी कमी, पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी गार राहते आणि चार दिवस निभावतात. टाकून द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. मागच्या वर्षी टाकलेल्यातली एखादी बाटली कदाचित चालली असती.

निपाणीकरांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी असं नाही, तरी सांगते. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे डॉक्टर कोल्हापूरला आहेत. २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा दाखला विचारत होते तेव्हा औषधाची चिठ्ठी घेऊन माणसं नाक्यावर ताटकळली. सीमा आपल्याला एरवी दिसत नाही, भाजी आणायला जावं तसं आपण पलीकडं जातो. ती दिसते ती अशा वेळी. म्हणून चिठ्ठीची झेरॉक्स घरात ठेवा, फोनमध्ये फोटो ठेवा, आणि औषधाचं नाव निपाणीतल्या औषधवाल्याला आधीच दाखवून ठेवा, म्हणजे तो मागवून ठेवील.

आता माझ्या घरातलं सांगते, कारण पोत्यांचा धडा मी पुस्तकातून शिकलेली नाही. आम्ही बेळगावात, वडगावात राहतो. त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या गल्लीत पाणी शिरलं. आम्ही माडीवर होतो, जिवाला धक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं म्हणून खाली आले, तर कोठीच्या खोलीचं दार उघडेना. खांदा लावून ढकललं तेव्हा कळलं, आतून तांदळाचं पोतं फुगून दाराला टेकलं होतं. तागाची शिवण उसवली होती आणि त्यातून पांढरा, कोमट, आंबूस लगदा फरशीवर आला होता. वडगावच्या शिवारातला बासमती, ज्याच्या एका मुठीच्या भातानं अख्खी गल्ली घमघमायची. तो मी फावड्यानं ओढला. त्याच खोलीत, वरच्या फळीवर, सासूबाईंनी घातलेल्या सांडग्यांचा डबा कोरडा ठणठणीत होता. त्या दिवसापासून आमच्याकडं जमिनीवर पोतं ठेवलेलं नाही.

म्हणून आधी उंची बघा. २०१९ चं पाणी तुमच्या भिंतीवर कुठवर आलं होतं, ती खूण अजून असेल. तिच्या वर हातभर. त्याच्या खाली काही ठेवायचं नाही. माळा असेल तर उत्तम, नसेल तर भिंतीत पक्की फळी मारून घ्या. आणि पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा पिंपात भरा. पाच-सात किलोचे डबे केले तर वर चढवायलाही बाईमाणसाला जमतं.

भरायच्या आधी धान्य कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवा. दाताखाली धरून चावलं की कट्ट असा आवाज आला पाहिजे. दबलं तर अजून ओल आहे. वाळवलेलं धान्य गरम असताना मात्र भरू नका, रात्रभर सावलीत निवू द्या. गरम भरलं की डब्याला आतून घाम सुटतो, आणि पोरकिडे तिथूनच सुरू होतात. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून थरांमध्ये घाला. तूर, हरभऱ्याच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरवा. आत्यांना हे सगळं येत असणार. गोळ्यांचा विषय काढण्याऐवजी ‘आत्या, तुमच्या वेळी कसं भरत होता?’ असं विचारून बघा. कणगीला शेण-मातीचा लेप कसा द्यायचा इथपासून त्या सांगतील, आणि त्यांच्या देखरेखीखाली काम झालं की गोळ्यांचं नाव निघणार नाही.

काय भरायचं? जे रोज खाता तेच. टीव्हीवर बघून आणलेली पाकिटं पुरातही कुणी खात नाही. पण एक लक्षात ठेवा. लाईट नाही म्हणजे गिरणी नाही. घरात शंभर किलो जोंधळा असला आणि जातं नसलं तर भाकरी होत नाही. म्हणून पाच-सहा किलो पीठ दळून ठेवा, आणि ते पंधरा दिवसांत वापरून नवं दळून आणा. पावसाळ्यात जोंधळ्याचं पीठ लवकर कडवट होतं. डाळींत मसूर जास्त ठेवा. तूर शिजायला वेळ घेते, मसूर पटकन शिजतो, गॅस वाचतो. आणि पहिले दोन दिवस चूल पेटणारच नाही असं धरून चाला. त्या दोन दिवसांसाठी चुरमुरे, फुटाणे, पोहे, गूळ, शेंगदाणे, शेंगांची चटणी. पातळ पोह्यांवर कच्चं तेल, कांदा आणि चटणी घातली की मुलं पोटभर खातात. संकेश्वरी मिरचीची वर्षाची चटणी तुमच्या बरणीत असणारच, ती बरणीही फळीवर चढवा. आत्यांसाठी खडीसाखर वेगळी काढून ठेवा. जेवण लांबलं आणि साखर उतरली तर लगेच तोंडात घालायला ती हाताशी हवी.

पाणी. पुरात चहूकडं पाणी आणि प्यायला घोट नाही, हे तुम्ही बघितलंय. पिण्या-रांधण्याला माणशी पाच लिटर धरा. सहा माणसांना दिवसाला ३०, आठवड्याला २१०. माडीवर किंवा गच्चीवर झाकणाचं २०० लिटरचं पिंप धुऊन ठेवा आणि पुराची चाहूल लागली की भरा. ती चाहूल तुम्हाला मिळते, हे तुमचं भाग्य. तुमच्या वेदगंगेवर वर पाटगावचं धरण आहे, दूधगंगेवर काळम्मावाडीचं, कृष्णेला कोयनेचं पाणी येतं. ‘पाटगाव भरलं, विसर्ग सुरू’ ही बातमी आली की त्याच तासाला पिंप भरायचं, फोन आणि पॉवर बँक चार्ज करायची, आत्यांचं औषध पिशवीत घालायचं. पूर ओसरल्यावर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, कितीही नितळ दिसलं तरी, उकळल्याशिवाय तोंडाला लावू नका. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग उकळा. पंचायतीची माणसं विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतील तोवर हेच. घरात ओआरएसची दहा पाकिटं ठेवा. संपली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर लहान मुलाला त्रास होतो.

सिलिंडरांबद्दल. वापरातलं एक आणि भरलेलं एक, एवढं पुरे. उरलेली परत करा. अनेकांना खरं वाटत नाही, पण भरलेलं सिलिंडरसुद्धा पुराच्या पाण्यावर तरंगतं. तरंगत गेलं की नळी तुटते, गॅस सुटतो. पाणी चढायला लागलं की रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा, टोपी लावा आणि सिलिंडर उभंच ठेवून खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा. गॅसचा वास आला तर १९०६ हा नंबर आहे. जळण आणि शेणीही थोड्या कोरड्या जागी, वर ठेवा. पण दारं लावून खोलीत शेगडी पेटवू नका, त्या धुरातला विषारी वायू वासाला कळत नाही. विजेच्या तारेची तक्रार १९१२ ला, जीव अडकला असेल तर ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, फोन बंद पडला तर शेजाऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

म्हशींचं तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यांच्यामुळंच माणसं वेळेवर घर सोडत नाहीत, हे मी २०१९ ला पाहिलं. गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, बायका-मुलं आणि म्हातारी, आणि बाप्ये गोठ्यात गुडघाभर पाण्यात. नुसत्या कोरड्या वैरणीवर ठेवायची झाली तर एका म्हशीला दिवसाला दहाएक किलो लागते. दोन म्हशींना पंधरा दिवसांना ३०० किलो. हा कडबा गोठ्यात न ठेवता वरच्या आळीत, उंचावर, कुणाच्या तरी गंजीजवळ आत्ताच रचून ठेवा. पुरात उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) मिळत नाही, ऊस पाण्यात असतो. आणि म्हशी हलवता आल्याच नाहीत तर निदान दावं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, सोडलेलं पोहून जातं.

कागदांची पिशवी एकच. आधार, रेशनकार्ड, शेताचा आरटीसी उतारा, पासबुक, म्हशींच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. आणि हजार-दोन हजार रुपये दहा-वीस-पन्नासच्या नोटांत, कारण टॉवर बंद पडला की फोनवरचे पैसे दिसतात पण देता येत नाहीत.

अफवांबद्दल थोडं. दर वर्षी कुणीतरी उठवतं, उद्या दूध बंद, परवा तेल बंद, बॉर्डर बंद. २०२२ च्या डिसेंबरात सीमेच्या तणावात एसटी थांबल्या होत्या, तेव्हा भाजीबाजारात काय गर्दी उसळली होती! नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तरेकडं मीठ संपणार अशी आवई उठली आणि लोकांनी रातोरात चढ्या भावानं मीठ नेलं. समुद्रकाठ एवढा मोठा असलेल्या देशात मीठ! अफवेच्या दिवशी बाजारात जाऊ नका. चैत्र-वैशाखापासून महिन्याच्या यादीत दोन-दोन किलो जादा लिहीत जा, मिरगापर्यंत साठा आपोआप होतो, पैशाचा भारही एकदम पडत नाही. एकदम आठ पोती उचलली की दुकानात त्या दिवशी मागून येणाऱ्याला मिळत नाही. निपाणीत विड्या वळणारी बाई आजच्या मजुरीवर आजचं धान्य नेते. तिला साठा करता येत नाही. तिच्यासाठी दुकानात माल उरला पाहिजे, हेही आपल्याच हातात आहे.

राहिलं तुमच्या घरातलं भांडण. ‘ते दिवस विसरलीस काय?’ असं तुमचे मालक विचारतात, यातच त्यांचं दुखणं आलं. ते दिवस त्यांना विसरता आलेले नाहीत. पोती कमी करा म्हणून बोलायला जाल तर त्यांना वाटेल, ही आपल्या भीतीला हसतेय. एक दिवस निवांत वेळी विचारा, त्या आठ दिवसांत सगळ्यात जड कोणता क्षण गेला? पाहुण्यांच्या घरी ताटावर बसताना संकोच वाटला असेल, धाकट्यानं दूध मागितलं असेल, म्हशींचं हंबरणं ऐकवलं नसेल. जे सांगतील ते मधे न बोलता ऐका. मग कागद घेऊन दोघं बसा आणि दिवस मोजा. पाटगावच्या विसर्गाच्या बातमीवर नजर ठेवणं, पिंप भरणं, कडबा वर रचणं ही कामं त्यांच्याकडं द्या. धडपड करणाऱ्या माणसाला काम लागतं, नाहीतर तो पुन्हा पोती आणतो.

आणि त्यांच्या नजरेतून एक गोष्ट निसटलीय, ती त्यांना दाखवा. २०१९ ला घरात वीस पोती असती तरी काय उपयोग होता? तुम्ही घरात नव्हतात. काठाच्या घराचा निम्मा साठा जिथं आपण जाणार तिथं हवा. आठ पोत्यांतली दोन ठेवा. चार, शिवण न उघडलेली, दुकानदार परत घेत असेल तर द्या, नाहीतर गल्लीत ज्यांना हवं त्यांना आणल्या भावानं विका, अजून तांदूळ नवा आहे तोवर. एक पोतं गल्लीतल्या अशा घरात द्या, जिथं साठा करण्याइतकी ऐपत नाही, आणि पैशांचं नाव काढू नका. आठवं पोतं येत्या रविवारी मोटारसायकलवर घालून निपाणीला पाहुण्यांकडे पोचवा. त्या आठ दिवसांत त्यांनी तुमच्या सहा माणसांना जेवू घातलंय. त्यांना सांगा, हे तुमच्याकडंच असू दे, खात राहा, दर वर्षी आम्ही नवं आणून टाकू. त्याच फेरीत मुलांचे दोन-दोन कपडे, कागदांच्या झेरॉक्स, आणि बर्फाच्या पिशवीशेजारी फडक्यात गुंडाळून नेलेली आत्यांच्या इन्सुलिनची एक न उघडलेली बाटली त्यांच्या फ्रिजच्या दारात ठेवून या. बाटलीवर आत्यांचं नाव आणि मुदतीची तारीख ठळक अक्षरात लिहा, म्हणजे त्यांच्या घरात कुणी काय आहे म्हणून टाकून देणार नाही.